प्रियाचा जुना रंग: सगळा खरवडायचा की खालचा राखायचा?

कळंबेकर
मामांची १९८१ ची बजाज प्रिया स्कूटर शेवटी माझ्या दारात आली आहे. इंजिनाचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालंय, एका किकमध्ये सुरू होते, तो विषय नाही. प्रश्न अंगाचा आहे. वर मरून रंग आहे, तोही ब्रशनं मारलेला, जवळून बघितलं तर केसांच्या रेघा दिसतात. खरचटलंय तिथं त्याखाली पिवळट दिसतो, आणि टाकी काढल्यावर सीटखाली फिकट निळा सापडला. तो कंपनीचा असावा. इंजिनाकडच्या डिकीवर (बाजूच्या फुगीर पत्र्यावर) फोड आलेत, फुटबोर्डच्या पट्ट्यांशेजारून गंज डोकावतोय, पुढच्या मडगार्डवर जुना पोचा लांबीनं (पेंटरच्या पुट्टीनं) बुजवल्यासारखा वाटतो.

दोन पेंटरांना दाखवली. एक म्हणतो, वरनं ८० नंबरचा सँडपेपर फिरवतो, प्रायमर मारतो, चार दिवसांत घेऊन जा. दुसरा म्हणतो, सगळा पत्रा उघडा करून आणा, नाहीतर मी हात लावणार नाही. शिरोलीत फाउंड्री असलेला एक मित्र शॉट ब्लास्टिंग (छर्र्यांचा मारा) फुकट करून देतो म्हणतोय. दसऱ्याच्या पूजेला गाडी उभी करायची इच्छा आहे. घासकाम, खरवडणं सगळं मी घरीच करणार, फक्त फवारणी बाहेर. सुरुवात कुठून करू?

दोनस्ट्रोक_काका
थांब भावा. फुकटचं ब्लास्टिंग सगळ्यात महाग पडेल. प्रियाला मोटरसायकलसारखा पाइपचा सांगाडा नसतो. दाबून, वाकवून वेल्ड केलेला पत्रा हीच तिची चेसिस. ही व्हेस्पाची रचना. पियाजिओबरोबरचा करार १९७१ ला संपला तरी बजाजनं ती सोडली नाही, आणि आपल्या शेजारी साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया त्याच घडणीची बनली. म्हणजे पत्रा ताणला गेला तर नुसतं दिसण्याचं नुकसान नाही. शिवाय छर्रे आणि धूळ मधल्या बोगद्यात (चेसिसच्या पोकळ भागात), हँडलच्या नळीत जाऊन बसते. वर्षभर गाडी खडखडत राहील.

शिरोली_एमआयडीसी
काकांचं बरोबर आहे, आणि मी स्वतः फाउंड्रीवाला आहे. आमच्या मशीनमध्ये फिरतं चाक पोलादी छर्रे फेकतं. कास्टिंगला चिकटलेली वाळू उडवायला ते केलेलं असतं. जाड बिडाला त्याचं काही वाटत नाही. डिकीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. माऱ्यानं त्याची एक बाजू ताणली जाते, सपाट भाग फुगतो, आणि मग अंगठा दाबला की टप्पकन आत-बाहेर होतो. तसा पत्रा परत जागेवर आणताना डेंटरचा घाम निघतो.

मित्राला नाराज करू नका. सेंटर स्टँड, सस्पेन्शनचा आर्म असे जाड तुकडे त्याच्याकडं द्या, बेअरिंगच्या जागा आणि आटे झाकून. आणि ज्या दिवशी ब्लास्ट होईल त्याच दिवशी प्रायमर मारा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडं लोखंड रातोरात तांबूस होतं.

गनवाला
पंचवीसेक वर्षं गन हातात आहे, म्हणून बोलतो. तुमचे दोन्ही पेंटर अर्धे बरोबर आहेत. ब्रशचा रंग निघालाच पाहिजे. पण खालचा निळा जर कारखान्यात भट्टीत भाजलेला असेल आणि पत्र्याला धरून असेल, तर तो काढणं म्हणजे चांगला प्रायमर कचऱ्यात टाकणं. ती पकड गॅरेजमध्ये कुणाच्या बापाला जमत नाही. जिथं धरून नाही, तिथं मात्र पत्र्यापर्यंत जायचं. म्हणजे प्रश्न आख्ख्या गाडीचा नाही, एकेका भागाचा आहे. आधी थर वाचा, मग पेपर घ्या.

पहिलं काम धुणं. भांड्याच्या साबणानं, गरम पाण्यानं. सायलेन्सरच्या बाजूला टू-टी ऑइलचा (पेट्रोलात मिसळतात त्या तेलाचा) चिकटा असतो, तो आधी घालवा. मामांनी कधी पॉलिश किंवा सिलिकॉनचा स्प्रे मारला असेल तर तोही पत्र्यावर बसलेला असणार. हे राहिलं आणि तुम्ही पेपर चालवला, तर तेल ओरखड्यांत दाबलं जातं. पुढं फवारणीत रंग गोल गोल फाटतो, त्याला आम्ही डोळे पडले म्हणतो. धुऊन वाळल्यावर डीग्रीझर: एका चिंधीनं लावायचा, तो वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या चिंधीनं उचलायचा. एकाच चिंधीनं केलं तर तेल नुसतं इकडचं तिकडं होतं. रॉकेल वापरू नका, ते स्वतःच तेलकट थर सोडतं.

मग खिडकी उघडा. लेग शील्डवर, डिकीवर, फुटबोर्डवर, मडगार्डवर रुपयाएवढ्या जागेत २२० नं पत्र्यापर्यंत जा आणि ४०० नं कड पसरवत न्या. एकात एक कड्या दिसतील, जितक्या कड्या तितके थर. आता प्रत्येक कडीवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरनं भिजवलेला कापूस थोडा वेळ धरून ठेवा. रंग कापसाला उतरला तर तो ड्युको, म्हणजे थिनरनं विरघळणारा गाडीचा रंग. सुरकुत्या पडून उचलला गेला तर घरगुती ऑइल पेंट. काहीच झालं नाही, फार तर चमक गेली, तर भट्टीचा रंग किंवा हार्डनर मिसळून पिकवलेला.

शेवटी खालच्या थरावर ब्लेडनं बारीक जाळी पाडा, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर त्या भागात तो रंग ठेवायचा नाही. एवढं करून इथं लिहा, मग पुढचं सांगतो.

जुनंसोनं
निळा जिवंत असेल तर रंगवताच कशाला? कंपनीचा रंग एकदाच मिळतो. वरचे थर उतरवा, हलकं पॉलिश करा, फिरवा. पुण्या-मुंबईकडं लोक असा झिजलेला मूळ रंग मुद्दाम राखतात.

दोनस्ट्रोक_काका
राखण्यासारखं असेल तर राखावं की. पण फुटबोर्ड सडत असताना वर झिजलेल्या रंगाचं कौतुक करणं हे इन्स्टाग्रामसाठी ठीक आहे. आपल्या पावसात ती गाडी रोज चालवायची आहे का काचेत ठेवायची, हे कळंबेकर ठरवेल.

कळंबेकर
रोज नाही, पण रविवारी पन्हाळ्याला तर जाणारच.

खिडक्या उघडल्या. मरून सगळीकडं सुरकुतला, म्हणजे ऑइल पेंट. पिवळा कापसाला लागला, म्हणजे ड्युको. निळ्याला काही फरक पडला नाही. चिकटपट्टीत लेग शील्डवरचा आणि डावीकडच्या डिकीवरचा निळा हललासुद्धा नाही. इंजिनाकडची डिकी आणि फुटबोर्ड नापास, तिथं निळ्याखालीच गंज आहे. मडगार्डवर पत्रा लागलाच नाही, नुसती करडी लांबी, कितीही घासलं तरी.

गनवाला
हे ऐकून बरं वाटलं, काम निम्म्यावर आलं. आता गंमत बघा. तुमचा ड्युको मधल्या थरात आहे, म्हणजे तो विरघळला की त्याच्यावरचा मरून आपोआप सुटतो, आणि निळा थिनरला दाद देत नाही. जुन्या सुती कापडाचे तुकडे थिनरमध्ये भिजवून पत्र्यावर पसरा, वरून प्लास्टिकचा कागद झाका म्हणजे थिनर उडून जाणार नाही. मरूनला सुरकुत्या पडल्या की थिनर आत पोचलं. मग प्लास्टिकच्या पट्टीनं ढकला. लोखंडी पटाशी नको, निळ्याला ओरखडे पडतील. ज्या ठिकाणी मरून जाड आहे तिथं आधी ८० नं त्याची साय मोडा, तेवढ्यापुरताच ८० वापरायचा. हे सगळं उघड्यावर, आणि जवळपास शेगडी, सिगरेट, देवापुढची निरांजन काही नको. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत लांबपर्यंत जाते.

पिवळ्याचा अंशही ठेवू नका. ड्युको खाली राहिला आणि वर पीयू (हार्डनर घालायचा पॉलियुरेथेन रंग) मारला, तर पीयूचं थिनर त्याला फुगवतं. रंग त्या वेळी छान दिसतो, मग महिन्या-दोन महिन्यांत जुन्या घासण्याच्या रेघा वर उमटतात, नाहीतर कडेनं सुरकुत्या.

तांबडापांढरा
एवढा खटाटोप कशाला? कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवा, सकाळी पत्रा लख्ख.

शिरोली_एमआयडीसी
कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं आणि खाताना हायड्रोजन सोडतं. हँडलचं डोकं, हब, फुटबोर्डच्या पट्ट्या, सगळ्यांना आधी चुंबक लावून बघा. जे चिकटत नाही ते कॉस्टिकजवळ नेऊ नका. दुसरं म्हणजे पत्र्याच्या घड्या. कॉस्टिक असो की बाजारातलं जेलसारखं पेंट रिमूव्हर, वेल्डच्या जोडात शिरलं की धुऊन पुरतं निघत नाही. नवा रंग बसल्यावर तिथूनच फोड येतात. सुटी केलेली डिकी एक वेळ चालेल, चेसिसला नको.

शाहूपुरीची_लॅम्बी
कळंबेकर, गाडी २०१९ च्या पुरात होती का? माझ्या लॅम्ब्रेटात पंचगंगेचा गाळ होता. लॅम्ब्रेटाला पाइपची चेसिस असते, बाकी पत्रे सुटे होतात, त्यामुळे माझं सोपं गेलं. तुमच्या प्रियात मात्र मधला बोगदा आणि फुटबोर्डखालचा आडवा पत्रा या बंद जागा आहेत. आत गाळ असेल तर तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून बाहेर सडतो. बाहेरनं दिसतो तो गंज शेवटचा.

कळंबेकर
ताई, पुरात नव्हती, कळंब्याला पाणी आलं नाही. पण मामा शेतावर न्यायचे, खालून चिखल भरपूर आहे.

शाहूपुरीची_लॅम्बी
मग पट्ट्यांचे रिव्हेट ड्रिलनं उडवा, पट्ट्या काढा आणि बोथट स्क्रूड्रायव्हरनं फुटबोर्ड खालून टोचत जा. स्टँडच्या बोल्टाभोवती, ब्रेक पेडलच्या भोकाशी, लेग शील्डच्या कडेला बीडिंगच्या आत. बॅटरीची जागाही बघा. आम्ल सांडलेलं असेल तर खायच्या सोड्याचं पाणी ओता, फसफसायचं थांबेपर्यंत, मग साधं पाणी. बोगदा पाण्याच्या जोरानं धुवा आणि उन्हात वाळवा. आतून मेणाचा किंवा तेलाचा गंजरोधक मारायचा असतो, पण तो रंगाच्या नंतर. आधी मारला तर जोडातून पाझरत राहतो आणि गनवाले म्हणतात ते डोळे पडतात.

गनवाला
ताईंनी शेवटचं वाक्य लाखाचं लिहिलंय. गिऱ्हाईक आदल्या दिवशी आत तेल मारून आणतं आणि आम्ही शिव्या खातो.

आता नापास भागांबद्दल. फुटबोर्ड आणि उजवी डिकी पूर्ण पत्र्यापर्यंत. तारेचा ब्रश ग्राइंडरला लावून गंजावर धरून बसू नका, तो गंज घासून चकचकीत करतो, खड्ड्यातला तसाच राहतो. खड्ड्यांवर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर, डब्यावर लिहिलं असेल तेवढा वेळ, आणि सांगितलं असेल तसं धुणं. मग वाळवून ताबडतोब इपॉक्सी प्रायमर. लांबी इपॉक्सीच्या वर. पुष्कळ लोक आम्लवाला वॉश प्रायमर मारून त्याच्यावरच हार्डनरची लांबी ओढतात. आम्लामुळं लांबी नीट पिकत नाही, पुढं सोलते. आणि लाल रेडऑक्साइड खिडकीच्या ग्रिलसाठी ठेवा.

लांबी कोरडीच घासायची. पॉलिएस्टरची लांबी पाणी पिते. पावसाळ्यात ओल्या पेपरनं घासून वर प्रायमर मारला की ते पाणी आत कोंडतं आणि पहिल्या उन्हाळ्यात फोड होऊन बाहेर येतं. तुमच्या उजव्या डिकीवरचे फोड असेच असतील तर नवल नाही. डब्यातली बिनहार्डनरची एनसी लांबी फक्त टाचणीएवढ्या भोकांना. जाड भरली तर महिनोन्महिने आकसत राहते.

दोनस्ट्रोक_काका
फ्रिजवर चिकटवतात ते पातळ चुंबक घे आणि आख्ख्या गाडीवर फिरव. जिथं सैल धरतं तिथं लांबी आहे, जिथं गळून पडतं तिथं कुणीतरी पोचा न काढता लांबीनं मूर्ती घडवली आहे. मडगार्डचं तेच दिसतंय. ती लांबी सगळी काढ. पोचा आतून डॉली (डेंटरचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीनं वर घ्यायचा, लांबी फक्त राहिलेल्या नखभर उंच-सखलाला.

चेसिस नंबर ठोकलाय त्या जागेवर पेपर जपून मार. तो अंक झिजला किंवा लांबीखाली गेला, तर पासिंगला उभं राहून तुला कुणाला काय सांगता येणार?

रंगवेडा_०९
रंग कुठला करणार? आरसीवर निळा लिहिलेला आहे का बघा. वेगळा करणार असाल तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते. आणि विंटेजचं म्हणाल तर २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांवरची आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज धरतात, तिच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. १९८१ ची प्रिया अजून त्यात बसत नाही. बसेल तेव्हा मूळ रंग असला तर बरंच.

कळंबेकर
आरसीवर निळाच आहे. मामांनी नोंद न करताच दोनदा रंग बदलला असणार. म्हणजे निळाच करायचा, प्रश्न मिटला. शेड टाकीखालच्या जागेवरून जुळवतो, तिथं ऊन लागलेलं नाही.

रसायनवाले_सर
दोन गोष्टी सांगून जातो. ड्युकोचा तो पिवळा जुना आहे. त्या काळच्या पिवळ्या, तांबड्या रंगांत शिशाचं क्रोमेट सर्रास असायचं. आपल्याकडं घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती थेट २०१७ ला. म्हणून तो थर कोरडा घासून धूळ उडवू नका. थिनरनं काढताय हे उत्तमच, उरलंसुरलं पाणी लावून घासा, लगदा कागदात गोळा करा, अंगणातल्या नळाखाली सोडू नका, लहान मुलं लांब ठेवा.

दुसरं, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून त्याला काही होत नाही. एकदा शरीरानं त्याची अॅलर्जी धरली की नंतर थोड्याशा वासानंही दम्यासारखा त्रास होतो. फवारणी बाहेर देताय, शहाणपणाचं आहे. टू-के सरफेसरही (रंगाखालचा, हार्डनर घालायचा सपाटीचा थर) त्यांच्याकडूनच मारून घ्या.

गनवाला
सर, आमच्यातले निम्मे अजून रुमालावरच आहेत. खरं आहे तुमचं.

शेवटचं घासकाम राहिलं. पास झालेल्या निळ्यावर ३२० ते ४०० पाण्याचा पेपर, चमक पूर्ण मरेपर्यंत. चमक राहिली तिथं नवा रंग धरत नाही, विशेषतः कडांना, बिजागरीपाशी, हॉर्नच्या खाचेत. तिथं ग्रे रंगाचा स्कॉच पॅड घाला. जिथं निळा संपून पत्रा सुरू होतो ती पायरी बोटाला लागता कामा नये. डोळे मिटून हात फिरवा, डोळे फसवतात. पेपर नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या नाल्या पडतात. सपाट भागाला लाकडी ठोकळा, गोल भागाला रबरी स्लीपरचा कापलेला तुकडा. (कोल्हापुरी नव्हे, ती घालून या.)

मग सगळीकडं इपॉक्सी, वर सरफेसर. सरफेसर वाळला की काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा करा आणि ६०० नं ठोकळ्यावर घासा. जिथं काळं राहतं तो खड्डा, जिथं लगेच खालचं दिसतं तो उंचवटा. साधा निळा आहे म्हणून ६०० पुरे. मेटॅलिक असता तर ८०० सांगितलं असतं.

तांबडापांढरा
दसऱ्याला होईल का पण?

गनवाला
घासकाम आणि इपॉक्सी होईल. रंगाचं वचन मी देणार नाही. हवेत ओल भरलेली असताना पत्रा गार असतो, त्यावर न दिसणारं पाणी धरतं, आणि ड्युको मारला तर पांढरट धुरकट होतो. आमच्याकडं परतीचा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळतो हे तुम्हाला मी काय सांगू. इपॉक्सी मारून गाडी घरात ठेवा, उन्हात नको, इपॉक्सीला ऊन सोसत नाही. दिवाळीनंतर कोरडी हवा लागली की इपॉक्सीवर परत ४०० फिरवायचा, कारण डब्यावर दिलेली मुदत उलटून गेलेली असते, आणि मग सरफेसर.

जुनंसोनं
करड्या प्रायमरातल्या गाडीला झेंडूचा हार उठून दिसेल बघा.

कळंबेकर
चालेल, पूजा प्रायमरातच. हँडल उतरवायच्या आधी केबलींचं काय करू? आणि पट्ट्यांची भोकं रंगाच्या आधी का नंतर?

दोनस्ट्रोक_काका
केबल ओढायच्या आधी तिच्या टोकाला मजबूत दोरी बांध, केबल निघते आणि दोरी आत राहते, परत घालताना ती कामाला येते. वायरिंगलाही तसंच. भोकं आधी. नव्या पट्ट्या आणल्यास तर आत्ताच कोरड्या बसवून बघ, बाजारातल्या पट्ट्यांची भोकं जुन्याला जुळतीलच असं नाही, आणि रंगलेल्या फुटबोर्डवर ड्रिल चालवलंस तर कडेनं टवके उडून गंजाला दार उघडं. आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट पिळून ठेव, रंग आत जात नाही. अर्थिंगची जागा लक्षात ठेव, रंगल्यावर तेवढा ठिपका घासावा लागतो, नाहीतर हॉर्न वाजत नाही आणि माणूस बॅटरी बदलत बसतो.

मडगार्डची लांबी निघाली की फोटो टाक. खाली भोक निघालं तर गॅस वेल्डिंगवाल्याकडं जाऊ नकोस, एवढ्या पत्र्याला ती आच सोसत नाही, सगळा ओढला जातो. सीओटू वेल्डिंगनं एकेक टाका, मध्ये गार होऊ देत.

कळंबेकर
काढली. भोक नाही, तीन आहेत. सीओटूवाला उद्यमनगरात कुणाचा चांगला आहे ते व्यनि (खासगी निरोप) करा.